पाखरं शिवणारे गेनुभाऊ

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात आलं की मजकूर वाचायच्या आधीच आपण मनातल्या मनात आपल्या माणसांची नावं चाळू लागतो. गेल्या महिन्यात कॉलेजच्या शिपायानं तसं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या मुलींना कबुतराचा पंख उलगडून दाखवत होते. कार्ड शिरगावहून आलं होतं. गेनुभाऊंच्या मुलानं चारच ओळी लिहिल्या होत्या. वडील सोमवारी सकाळी गेले, फार त्रास झाला नाही, तुम्हाला कळवायचं त्यांनीच सांगून ठेवलं होतं… मी पंख मिटून टेबलावर ठेवला. एका मुलीनं विचारलं, "कोण गेलं, मॅडम?" मी म्हणाले, "ज्यांनी मला पंख वाचायला शिकवलं, ते." मुलींना वाटलं, कुणी थोर प्राध्यापक असणार. मी सांगितलं की ते देहूरोडच्या लष्करी डेपोत तंबू शिवायचे, तेव्हा मुली एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना सगळं सांगायला उरलेला तास पुरला नाही, म्हणून आता सावकाश लिहायला बसले आहे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी लोणावळ्याच्या वर, तुंगार्लीच्या तळ्यापलीकडच्या पठारावर महिनाभराची पक्षी-मोहीम आखली होती. त्या डोंगरपट्ट्यात कोणकोणते पक्षी आहेत याची नोंद करायची आणि कॉलेजच्या संग्रहालयासाठी नमुने जमवायचे, असा बेत होता. आम्ही पाच विद्यार्थी, त्यात मी एकटी मुलगी. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सोबत येणार म्हणून माझ्या वडिलांनी मला पाठवलं. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या एका खांद्याला दुर्बीण असे आणि दुसऱ्या खांद्याला बंदूक. पक्षी टिपायचा, मोजायचा, पिसांसकट त्याचं कातडं अलगद सोडवायचं, आत कापूस भरायचा, पोट शिवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. आज हे वाचून कुणाचं मन कळवळेल. माझंही आता कळवळतं. पण तेव्हा शिकण्याची दुसरी वाट आम्हाला ठाऊक नव्हती.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अशी वावटळ उठली, की आमचे तिन्ही जुने तंबू दोऱ्या तोडून करवंदीच्या जाळ्यांवर जाऊन पडले. चिंध्या झाल्या. लोणावळ्याच्या बाजारात चौकशी केल्यावर कळलं, की शिरगावचा एक माणूस डेपोत तंबू शिवतो आणि सध्या रजेवर घरीच आहे. सरांनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पठाराच्या कडेवरून एक काटक, चाळिशीचा गृहस्थ वर आला. खांद्याला पिशवी होती आणि पांढऱ्या टोपीच्या कडेला ओळीनं सुया खोवलेल्या होत्या, लहान, मोठ्या, वाकड्या. फाटक्या तंबूंभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "दोन रोजाचं काम हाय." ते गेनुभाऊ.

दोन दिवसांत तंबू उभे राहिले, तेही नव्यासारखे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाडाखाली टेबल मांडून एका सूर्यपक्ष्याचं पोट शिवत बसले होते. अंगठ्याएवढा जीव तो. माझा टाका ओढला गेला, की पिसं पिंजारली जायची आणि पक्षी मुरगळलेल्या मोज्यासारखा दिसायचा. पाठीमागून आवाज आला, "ताई, रागावू नगा. पन ह्ये बारदान न्हाई." मी रागावलेच. म्हटलं, "मग तुम्ही करून दाखवा." त्यांनी हात धुतले, टोपीतली सगळ्यात बारीक सुई काढली, पक्षी तळहातावर घेतला आणि शिवायचं सोडून मलाच विचारलं, "ह्यो जिता असताना बसतो कसा?" मला सांगता येईना. त्या पक्ष्याची लांबी, चोचीचा बाक, रंग सगळं माझ्या वहीत होतं. बसतो कसा, ते मात्र मी नीट बघितलंच नव्हतं. गेनुभाऊ हसले. "म्हंजी अंगरखा शिवताय, अन् मानूस बघितलंच न्हाई व्हय?"

त्यांच्या सांगण्यावरून मी त्यांना ओढ्याकाठच्या फुललेल्या झुडपाशी घेऊन गेले. आम्ही तास-दीड तास तिथं बसलो. सूर्यपक्षी यायचा, फुलात चोच खुपसायचा, अंग असं तिरकं करायचा, की जणू कुणी हाक मारली आणि तो अर्धाच वळला. गेनुभाऊंनी एकदाही तोंड उघडलं नाही. परत येऊन त्यांनी कापूस थोडा काढला, थोडा भरला, मान जराशी दाबली आणि पाच टाके घातले. टाके कुठं घातले ते मला शोधूनही सापडेनात. पक्षी झोपल्यासारखा दिसत होता. संध्याकाळी सरांनी तो उचलून उन्हात धरला. "हे कुणी केलं?" मी बोट दाखवलं. सरांना ओठात लवंग धरायची सवय होती. ती त्यांनी या गालातून त्या गालात फिरवली आणि विचारलं, "तुमची रजा किती दिवस आहे हो?"

"भाताच्या कापनीसाठी काढलीया, साहेब. म्हैनाभर."

"मग थोडे दिवस राहाल का आमच्याबरोबर?"

गेनुभाऊंनी टेबलावरच्या पक्ष्याकडे बघितलं, मग दरीकडे बघितलं. "ऱ्हातो की," ते म्हणाले. भात त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून साफ गेलं असावं.

पुढच्या दिवसांचं काय सांगू! पहाटे उजाडताच ते माझ्याआधी तयार. सर पुढे, आम्ही मागे, आणि गेनुभाऊ कधी झाडावर चढलेले, कधी ओढ्याच्या खडकावर पालथे पडलेले. त्यांची नजर कापडावर घडलेली होती. आम्ही रंग बघायचो, ते घडी बघायचे. कुठलं पीस कुठल्यावर येतं, शेपूट मिटली की कुठली पट्टी वर राहते, पाठीवरचा तुकडा कुठं संपतो आणि पंख कुठं सुरू होतो, हे त्यांना एका नजरेत कळायचं. एकदा मी त्यांना शिंपी पक्ष्याचं जुनं, रिकामं घरटं दाखवलं. दोन पानं कडेला जोडून शिवलेली. एखाद्या नव्या कारागिराचं काम तपासावं तसं ते त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. "गाठ मारलेली न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "चोचीनं गाठ कशी मारणार?" पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "थांबा… धागा भोकातनं भायेर काडून फुलवलाय. म्हनून निसटत न्हाई. ह्ये आमाला कुनी शिकवलं न्हाई बगा!" दुपारी ओढ्यावर शेपूट हलवणारा धोबी दिसला. त्याला गावाकडे परीटही म्हणतात, हे सरांनी सांगताच गेनुभाऊ टाळी देऊन हसले. "शिंपी झाला, परीट झाला. कापडाचा धंदा पाखरांतबी हाय म्हना की!"

नवव्या दिवशी सकाळी पठाराच्या कडेवरून एक बाई वर आल्या. डोक्यावर गाठोडं, कासोटा घट्ट, आणि चेहरा असा, की आमच्यातला एक जण न बोलता तंबूत शिरला. गेनुभाऊंच्या मंडळी, पारूवहिनी. तळेगावहून गाडीनं लोणावळ्याला आणि तिथून चढ चढून थेट आमच्या टेबलापाशी. गेनुभाऊ एका हळद्या पक्ष्याच्या पोटात कापूस भरत होते. त्यांचा हात तसाच थांबला.

"तंबू शिवाया गेलता का पाखरं शिवाया?" पारूवहिनींनी विचारलं.

"आगं, दोन रोजाचं काम…"

"नऊ रोज झालं! भात उभं हाय खाचरात. लोंबी झडाया लागली. तितं मी येकटी, अन् हितं तुमी पाखरांस्नी कपडं घालताय!"

 गेनुभाऊंनी फक्त तो पिवळाजर्द हळद्या तळहातावर धरून बायकोपुढे केला. पारूवहिनींनी गाठोडं खाली ठेवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग बोटानं त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा केलाय. पन भाताचं काय?"

यावर सरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना आजही मानते. त्यांनी बंदूक काकूंच्या तंबूत ठेवली, राखणीला दोघांना मागे ठेवलं आणि उरलेल्या आम्हा सगळ्यांना घेऊन पारूवहिनींच्या मागोमाग शिरगावला निघाले. दोन दिवस आम्ही गेनुभाऊंचं भात कापलं. सरांना विळा धरता येत नव्हता. पारूवहिनी त्यांना, "साहेब, बोट संबाळा, बोट!" असं दर दहा मिनिटांनी ओरडून सांगत. काकू बांधावर बसून पेंढ्या बांधायला शिकल्या. मी कापताना मध्येच सरळ उभी राहून दुर्बीण लावायची आणि शेजारच्या खाचरातल्या बाया हसून लोटपोट व्हायच्या. पण त्या दोन दिवसांत भातातल्या मुनियांच्या, तारेवरच्या कोतवालांच्या, बांधावरच्या बगळ्यांच्या इतक्या नोंदी झाल्या, की वहीची पानं कमी पडली. निघताना पारूवहिनींनी आंबेमोहोराचं एक गाठोडं आमच्या हवाली केलं आणि नवऱ्यालाही. "न्या. आता ऱ्हावा म्हैनाभर," त्या म्हणाल्या.

परत आल्यावर खरी गोष्ट घडली. आम्ही गावी असताना सरांच्या मनात दोन पक्षी घोळत होते. दोन्ही शीळकरी कस्तूर, त्या ओढ्यातच मिळालेले. हा पक्षी पहाटे कुणी निरुद्योगी माणूस शीळ घालत हिंडावा तसा गातो. सरांनी मोजमाप केलं, तर दोघांचेही पंख पुस्तकात दिलेल्यापेक्षा चांगलेच आखूड. एक असता तर त्यांनी दुर्लक्ष केलं असतं. पण दोन! सरांना खात्री वाटू लागली, की ही मावळातल्या डोंगरांतली वेगळी, आखूड पंखांची जात आहे, अजून कुणीच न नोंदवलेली. जगातल्या जाणकारांना कळवण्यासाठी त्यांनी पत्र तयार केलं. मला ते वाचायला दिलं. त्यात नव्या पक्ष्याला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं. वडील लहानपणीच गेले. आईनं लोकांच्या घरी स्वयंपाक करून त्यांना शिकवलं, हे आम्हाला ठाऊक होतं. पत्र वाचून माझे डोळे भरून आले. सर नुसते तळ्याकडे बघत उभे होते. इतके आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पत्र दुसऱ्या दिवशी टपालात पडणार होतं. सकाळी गेनुभाऊ त्यातल्या एका कस्तुराचं शेवटचं काम करत होते. मला त्यांनी हळूच बोलावलं. पंख पसरून त्यांनी सुईच्या टोकानं बाहेरची पिसं एकेक बाजूला केली. "ताई, ही पिसं आखूड न्हाईत. अजून वाडायची हाईत. हितं बुडाला बघा." वरच्या पिसांखाली झाकलेलं, कागदासारखं पातळ, पांढुरकं वेष्टण प्रत्येक पिसाच्या मुळाशी होतं. नवं पीस उगवताना असतं तसं. "जुनी उसवली, नवी घातली, पन काम अर्धंच झालंय. अन् गंमत बघा… ह्या अंगाची तीन, तर त्या अंगाचीबी तीनच. येकाच अंगाची उसवली असती, तर गडी उडताना कलला नसता का?" दुसरा पक्षी आम्ही काढून बघितला. तिथंही तेच.

 वेगळी जात वगैरे काही नव्हतं. पावसाळ्यानंतर पक्षी पिसं बदलतात, आणि हे दोघं नेमके अर्ध्या वाटेवर आमच्या हाती लागले होते. मी म्हटलं, "गेनुभाऊ, सरांना कसं सांगायचं? त्यांनी आईचं नाव दिलंय."  गेनुभाऊ पक्षी फडक्यात गुंडाळून उठले. "माप चुकलं, तर गिऱ्हाइकाला आदी सांगावं, ताई. कापड कापल्यावर काय उपेग?" आणि ते सरांच्या तंबूत गेले.

मी बाहेर उभी होते. आत गेनुभाऊंचा हळू आवाज येत होता. सर हातात भिंग घेऊनच बाहेर आले. माझ्याकडे न बघता तळ्याच्या दिशेनं चालत गेले. दुपारचं जेवण झाकून ठेवलं होतं. गेनुभाऊ आपली पिशवी भरत होते. आपल्याला आता जावं लागणार, असं त्यांनी धरलंच होतं. काकूंनी ती पिशवी त्यांच्या हातून काढून घेतली आणि तंबूत ठेवली.

तीनच्या सुमाराला सर परत आले. पत्राचे चार तुकडे करून त्यांनी चुलीत टाकले. गेनुभाऊंसमोर उभे राहून म्हणाले, "बरं झालं हो. नाहीतर आईच्या नावावर चूक लागली असती जन्मभर." मग लवंग तोंडात टाकून अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पण ही डाव्या-उजव्याची जोडी… आपल्याजवळचे सगळे पक्षी काढा बघू. कुठलं पीस आधी बदलतं, कुठलं मागून, ते लिहून काढू." त्या संध्याकाळपासून आमच्या मोहिमेला नवा जीव आला. गेनुभाऊ पिसं बघून सांगायचे, मी लिहायची. पुढे सरांचा जो लेख नावाजला गेला तो या पिसांवरचा. त्यात गेनुभाऊंचं नाव पहिल्या पानावर होतं, तळटीपेत नव्हे.

आणि एक दिवस भाकरी मोडता मोडता गेनुभाऊंनी विचारलं, "साहेब, पिसंच बघायची, तर मारायचं कशापायी? धरून बघू, सोडून देऊ. पुढच्या साली त्योच पुन्ना घावला, तर त्याची नवी पिसंबी बघता येतील." सर घास हातात धरून थांबले. त्यांच्या वाचनात पक्षी जिवंत धरायची परदेशातली जाळी आली होती, पण ती इथं आणणार कोण? गेनुभाऊ तळ्यावरच्या कोळ्यांकडे दोन दुपारी बसून गाठ शिकून आले आणि काळ्या रेशमी दोऱ्याचं इतकं नाजूक जाळं विणलं, की ओढ्यावर आडवं टांगल्यावर ते दिसेचना. त्यात पहिले सापडले ते सर. हॅटसकट. गेनुभाऊंनी एकही दोरा न तोडता त्यांना सोडवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पिसं बदलायला झाल्यात." काकू हसता हसता खडकावर बसल्या.

त्यानंतर जाळ्यात एक परीट आला. पिवळ्या पोटाचा, थंडीत दूर उत्तरेच्या पहाडांतून उतरणारा. आम्ही त्याच्या पायात आकडा कोरलेलं हलकं कडं घातलं. गेनुभाऊ त्याला वाळा म्हणायचे. सोडला तेव्हा तो पलीकडच्या दगडावर बसून शेपूट हलवत राहिला, काही झालंच नाही असा.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तिथंच गेलो. या वेळी गेनुभाऊंनी भात आधी कापून घेतलं होतं. तिसऱ्या सकाळी ते ओढ्याकडून ओरडतच आले. आम्हाला गप्प राहायला शिकवणारा हा माणूस ओरडत होता! "ताई! वाळा हाय! पायात वाळा हाय!" मुठीत परीट. आम्ही वही काढली. आकडा तोच. सगळा हिमालय उतरून, एवढे डोंगर, नद्या, शहरं ओलांडून तो मूठभर जीव त्याच ओढ्यावर, बहुधा त्याच दगडावर आला होता. गेनुभाऊंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आलास व्हय रं? आलास?" मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "साहेब, ह्येला वाट कोन सांगतं?"

"माहीत नाही, गेनुभाऊ. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"तुमालाबी ठावं न्हाई?"

"नाही."

गेनुभाऊंनी मूठ उघडली. "बरं वाटलं," ते म्हणाले.

पुढे सरांनी बंदूक हळूहळू बाजूला ठेवली. गेनुभाऊ डेपोतच राहिले, पण वर्षातून एकदा आमच्या कॉलेजात येऊन मुलांना पंख कसा वाचायचा ते दाखवायचे. मुलं त्यांना सर म्हणायची, आणि ते प्रत्येक वेळी मागे वळून कुणाला हाक मारली ते बघायचे. मी नोकरीला लागले, संसारात पडले. भेटी कमी झाल्या. शेवटचे भेटले ते दोन वर्षांपूर्वी. नजर मंदावली होती, पण माझ्या पदराच्या कडेची शिवण बोटानं चाचपून म्हणाले, "ताई, ह्ये कुनी शिवलंय? त्याला सांगा, घाई करू नगं."

दिवस झाल्यावर मी शिरगावला गेले. पारूवहिनी आता वाकल्या आहेत. त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. निवृत्त झाल्यावर गेनुभाऊंनी त्या खोलीच्या मातीच्या भिंतीला एक खिडकी पाडून घेतली होती, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी खाली, की उभ्या माणसाला त्यातून फक्त जमीन दिसावी. मांडी घालून बसलं, की समोर बांबूचं बेट, न्हाणीचं वाहतं पाणी आणि शेजारची मोकळी जागा. शेवटची सहा वर्षं ते रोज सकाळी तिथं बसायचे. खिडकीसमोरची भिंत पाठ टेकून गुळगुळीत झाली आहे. गवंड्यानं विचारलं होतं, एवढी खाली खिडकी कशाला? तर म्हणे, पाखरं काय मानसाच्या उंचीवर ऱ्हात्यात?

"बसा," पारूवहिनी कुजबुजल्या, "मी च्या ठिवते." त्यांची सून उंबऱ्यापाशी आली, तीही कुजबुजतच काहीतरी विचारून गेली. नातू धावत आला आणि खोलीत पाऊल टाकताच त्याची पावलं आपोआप हळू झाली. मी हसले. विचारलं, "सगळे असे हळू का बोलताय?" पारूवहिनी क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनाही हसू आलं, पण तेही त्यांनी पदरात दाबून धरलं. "सवंच लागली बगा," त्या म्हणाल्या, "ह्या खोलीत मोट्यानं बोललं, की लय चिडायचे ते."

मी बसले. त्या दबक्या पावलांनी चहा ठेवायला गेल्या.